जाकीट गळतंय की तुम्ही आतून भिजताय?

प्रश्न थोडक्यात असा: पाणी अडवण्याचा आकडा १०,००० मिलिमीटर असलेलं, चांगल्यापैकी महागाचं जाकीट घेतलं. तासभर ठीक चालतं, पण सलग दोन-तीन तास पावसात गळ टाकला की पाठीला शर्ट चिकटतो आणि बाह्या कोपरापर्यंत चिंब होतात. मासेमारी बहुतेक काठावरून, अधूनमधून बोटीतून. आता २०,०००चं घ्यावं का? आणि जुन्याचं काय करावं?

इतक्यात घेऊ नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात कापडाचा दोष असण्याची शक्यता मला सगळ्यात कमी वाटते. पावसात गळ टाकायला लागून मला पंचवीसेक वर्षं झाली. कापडातून आरपार पाणी आलं असं या काळात क्वचितच झालं. पाणी आलं ते मनगटातून, गळ्यातून, चेनमधून, बुडाखालून. आणि बरेचदा ते बाहेरून आलेलंच नव्हतं.

म्हणून आधी न्हाणीघरात एक प्रयोग करा. पूर्ण बाह्यांचा फिकट राखाडी सुती टी-शर्ट घाला, कारण त्या रंगावर थेंबभर पाणी पडलं तरी गडद डाग उठून दिसतो. वर जाकीट, हूड डोक्यावर, सगळं बंद. शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. त्यातली पाच मिनिटं रॉड धरल्यासारखे हात पुढे आणि वर ठेवा. घरचे हसतील, हसू द्या. मग जाकीट बाहेरून पुसून जपून काढा आणि शर्ट बघा. मनगटाकडून कोपराकडे निमुळता होत गेलेला डाग असेल तर दोष कफाचा. गळ्याखाली मधोमध उभा पट्टा असेल तर चेन, नाहीतर हनुवटीपाशी राहिलेली फट. खांद्यावर सरळ रेघ उमटली असेल तर शिवणीवरची टेप सुटलीय. आणि शर्ट सगळा कोरडा निघाला, तरी पाण्यावर गेलं की भिजताच, तर ते पाणी तुमचंच आहे. घाम.

तुमच्या बाह्यांबद्दल मला पैज लावायला हरकत नाही. बहुतेक पावसाळी जाकिटं चालणाऱ्या माणसासाठी शिवलेली असतात. चालणाऱ्याचे हात खाली लोंबतात, बाहीवरचं पाणी बोटांवरून गळून जातं. आपलं उलटं असतं. रॉड वर, मनगट वर, कोपर खाली. हातावर पडलेला प्रत्येक थेंब उतार बघून आत शिरतो. शिवाय रील फिरवताना ओला दोरा पाणी घेऊन येतो, रॉडवरून ओघळ येतो. विणलेला दोरा तर एकेरी नायलॉनपेक्षा जास्तच पाणी ओढून आणतो. पाऊस थांबल्यावरही तुमच्या बाहीत पाणी जातच असतं ते यामुळे.

यावर उपाय म्हणजे दुहेरी कफ. बाहेरची बाही सैल आणि तिच्या आत मनगटाला घट्ट बसणारी निओप्रीनची, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी कापडाची पट्टी, निदान चार बोटं रुंद. जाकीट घेताना ती पट्टी घालून दहा मिनिटं मूठ उघडझाप करा. बोटांना मुंग्या आल्या तर ती फार घट्ट आहे, आणि थंडीत असा आवळलेला हात गाठ मारायच्याही कामाचा राहत नाही. नुसत्या वेल्क्रोवर भरवसा ठेवू नका. वेल्क्रोत शेवाळ आणि वाळू भरते, मग तो धरत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याची बाहेर आलेली जीभ दोरा पकडते. एकदा लूर, म्हणजे नकली आमिष, फेकायच्या क्षणी दोऱ्याचा सैल फेर त्या जिभेत अडकला आणि लूर अर्ध्या वाटेवरून माघारी आली. तिचे तिन्ही काटे माझ्याच खांद्यावर. तेव्हापासून बाहेरच्या कफाची जीभ लहान आणि मनगटाच्या आतल्या बाजूला असेल तरच मी जाकीट घेतो.

नवीन काही न घेता आज करता येईल असं एक काम सांगतो. आतल्या शर्टाची बाही मनगटापासून वीतभर वर दुमडा. ती बाही जाकिटाच्या कफाबाहेर किंचितही डोकावत असेल तर दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढत थेट कोपरापर्यंत नेते. जाकीट कितीही भारी असो, वात आपलं काम करते. घड्याळही काढून खिशात ठेवा. त्याच्या पट्ट्यामुळे कफ नीट बसत नाही. पाण्यात मासा सोडायचा असेल, म्हणजे हात बुडवायचा असेल, तर आधी बाही वर सरकवा, कारण तिथे पावसासाठी केलेला कुठलाच कफ पुरत नाही.

आता त्या आकड्याकडे येऊ. १०,००० मिलिमीटर म्हणजे काय? कापडाच्या एका बाजूला पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबतात. त्या दाबाइतक्या पाण्याच्या स्तंभाची उंची म्हणजे तो आकडा. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंच पाणी, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. उभ्या माणसावर पडणारा पाऊस इतका दाब देत नाही. मोठ्यातला मोठा थेंबही सेकंदाला साधारण ९ मीटर वेगानेच पडतो. म्हणजे छातीसाठी आणि पाठीसाठी तुमचं जाकीट पुरून उरतं.

पण हाच हिशोब गुडघ्यासाठी करून बघा. मासा उचलायला तुम्ही ओल्या दगडावर एक गुडघा टेकलात. टेकलेली जागा ४० चौरस सेंटिमीटर धरली आणि तिच्यावर ४० किलो भार आला, तर झाले दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. म्हणजे तोच १० मीटरचा स्तंभ. ओल्या फळीवर तासन्‌तास बसताना बुडाखालीही, हाडं टेकतात तिथे, दाब चांगलाच असतो. शिवाय आकडा नव्या कापडाचा. घासून घासून तो उतरतो. म्हणून मोठा आकडा घ्यायचाच असेल तर पँटीत घ्या, जाकिटात नको. लोक नेमकं उलटं करतात. जाकिटावर सगळे पैसे घालतात आणि पँट मिळेल ती.

पँटीपेक्षाही डांगरी घ्या, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली. बसल्यावर जाकीट वर सरकतं, पुढचा घेर मांडीवर पन्हळीसारखा होतो आणि त्यातलं पाणी बरोबर कमरेच्या पट्ट्यातून आत. डांगरीत हा मार्गच उरत नाही. शिवाय पाऊस थांबल्यावर जाकीट काढून नुसत्या डांगरीवर बसता येतं, खालची फळी ओली असली तरी. घेताना मांड्यांच्या मधली, चार शिवणी एकत्र येतात ती जागा आतून उलटी करून बघा. तिथली टेप सपाट, सुरकुती न पडता बसलेली असली पाहिजे. सगळ्यात आधी तीच उचकटते. गमबूट घालत असाल तर पँटीचे पाय बुटाच्या बाहेर. हे सांगायला लागू नये, पण दर पावसाळ्यात कोणीतरी पाय बुटात खोचून येतो आणि संध्याकाळी बूट उलटे करून पाणी ओततो.

घामाचं काय? हवा खेळू देणारं कापड, म्हणजे पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारं, हे खरंच काम करतं. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. गोर-टेक्स आलं ते त्यातून. आज पॉलियुरेथेनचे आणि इतर पडदेही आहेत. पण वाफ बाहेर जायला कारण लागतं. आतली हवा उबदार आणि दमट, बाहेरची थंड आणि कोरडी, असा फरक असेल तर वाफ बाहेर ढकलली जाते. थंड पावसात हा फरक असतो. उबदार पावसात, बाहेरची हवाच वाफेने भरलेली असताना, वाफेने जायचं कुठे? कितीही भारी पडदा असला तरी अशा हवेत तुम्ही आत शिजता. लेबलवर लिहिलेलं असतं, चौरस मीटरला २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ. भागाकार केला तर तासाला ४०० ग्रॅमच्या आसपास, तेही प्रयोगशाळेच्या सोयीच्या हवेत. सामान घेऊन चढ चढणारा माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. चाचण्यांच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आरईटी हा आकडा दिला असेल तर तो जास्त कामाचा. तो वाफेला होणारा कापडाचा अडथळा मोजतो, म्हणून लहान असेल तितका चांगला. ६च्या खाली उत्तम, २०च्या वर गेला तर प्लॅस्टिकची पिशवी समजा.

माझ्या मते उबदार पावसात पडद्यापेक्षा काखेतल्या चेना जास्त उपयोगी. पाठीवर झालरीखाली झडप असेल तर आणखी बरं. आणि सवय बदला. पाण्याच्या जागेपर्यंत सामान घेऊन चालत जायचं असेल तर जाकीट उघडं ठेवा किंवा पिशवीत ठेवून थोडं भिजत जा. पोचल्यावर कोरडा शर्ट घालून मग जाकीट चढवा. बंद जाकिटात वीस मिनिटं चालत आलात की पुढचे तीन तास त्याच घामात बसायचं.

तुमचं वाक्य आहे की तासभर ठीक चालतं आणि मग पाठ ओली होते. यात आणखी एक संशयित आहे. कापडाच्या बाहेरच्या थरावर पाणी झटकणारा लेप असतो. नवं जाकीट असताना थेंब मोत्यांसारखे घरंगळतात ते त्याच्यामुळे. लेप झिजला की बाहेरचा थर पाणी पितो, गडद आणि जड होतो. आतला पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत येत नाही. पण बाहेर ओल्या फडक्याचं आवरण बसल्यामुळे वाफ अडते, कापड गार पडतं आणि घाम आतल्या बाजूला थेंब होऊन जमतो. माणूस म्हणतो जाकीट गळायला लागलं. खांद्यावर आणि बाह्यांवर चमचाभर पाणी शिंपडून बघा. थेंब उभे राहिले तर लेप ठीक. डाग पसरला तर जाकीट धुवायला झालंय.

हो, धुवायला. पावसाळी जाकीट धुतलं की खराब होतं हा समज इतका पक्का आहे की लोक वर्षानुवर्षं माशाचा चिकटा, आमिषाचं तेल, अंगाचं तेल त्यावर बाळगतात. तेल हाच लेपाचा शत्रू. हल्ली बऱ्याच उत्पादकांनी फ्लोरीनयुक्त रसायनं काढून टाकलीत. पर्यावरणासाठी ते योग्यच झालं, पण नवे लेप तेलापुढे लवकर हार मानतात, म्हणून आता धुणं आणखी गरजेचं. पडद्याच्या कापडांसाठी मिळणारा द्रव साबण वापरा, दोनदा खळबळा. कपडे मऊ करणारा द्रव आणि ब्लीच अजिबात नको. सुकल्यावर लेबलवर परवानगी असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा; उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब उभे राहिले नाहीत तर फवारायचा लेप मिळतो, तो मारा. खाऱ्या पाण्यावरून आलात तर दर वेळी गोड्या पाण्याने, विशेषतः चेनचे दात. आणि कीटक पळवणारं मलम लावलेत तर हात पुसून मगच जाकिटाला हात लावा. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिक आणि लेप खातं.

घडी करून, ओलं, बंद डिकीत ठेवू नका. पॉलियुरेथेनचा थर दमट उष्णतेत हळूहळू सडतो, चिकट होतो आणि एक दिवस पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो. त्याला मग औषध नाही.

पडद्याच्या कापडाचं इतकं कौतुक केल्यावर हे सांगायलाच हवं, की जगभर रोजीरोटीसाठी समुद्रावर जाणारे मच्छीमार बहुतेक ते घालत नाहीत. त्यांच्या अंगावर पीव्हीसी किंवा तसलाच जाड लेप असलेली डांगरी असते. जड, वाफ शून्य बाहेर सोडणारी, पण माशाचं रक्त आणि खवलं पाण्याच्या एका फवाऱ्यात निघून जातात आणि घासून फाटत नाही. ही जुनी परंपरा आहे. १८७७ साली नॉर्वेत हेली हॅन्सन या कप्तानाने लिननच्या कापडाला जवसाचं तेल पाजून खलाशांसाठी कपडे विकायला सुरुवात केली. लिननही जवसाच्याच झाडाचं, म्हणजे कापड आणि लेप एकाच रोपाचे. आज तेलाची जागा प्लॅस्टिकने घेतलीय, तत्त्व तेच. तुम्ही एका जागी बसून, आमिष कापत, चिखलात मासेमारी करत असाल तर अशी साधी लेपाची डांगरी खाली आणि पडद्याचं जाकीट वर, ही जोडी मला सगळ्यात पटते. कमरेखाली आपण वरच्यापेक्षा कमी घाम गाळतो.

हूड घालून मान उजवीकडे वळवा. हूड डोक्याबरोबर वळलं पाहिजे. नाहीतर तुम्ही त्याच्या अस्तराकडे बघत बसाल आणि बोटीत शेजारच्याचा गळ कुठून येतोय ते दिसणार नाही. मागे आवळायची नाडी असावी, पुढे कडक कड असावी. कड मऊ असेल तर आत चोचवाली टोपी घाला, चष्मा असेल तर नक्कीच. हूड कानांवर घट्ट बसून कापडाची खसखस ऐकू येत राहिली तर मला स्वतःला ते सहन होत नाही. मी खलाशांची मागे लांब झालर असलेली टोपी घालतो. काठावर ती उत्तम. वेगात चाललेल्या बोटीत मात्र हूडच हवं, कारण तिथे पाऊस वरून येत नाही, समोरून येतो आणि हनुवटीखालच्या फटीतून छातीवर उतरतो. त्यासाठी कॉलर उंच हवी आणि चेन वरपर्यंत, नाकाखाली. चेनचे दात प्लॅस्टिकचे. धातूचे दात खाऱ्या पाण्यात जाम होतात, तेही नेमके घाईच्या वेळी. चेनवर झडप असेल तर टिचबटणं किंवा वेल्क्रो ओल्या, थंड बोटांनी एका हाताने लागतात का ते बघा.

लांबीचं सोपं आहे. काठावर आणि बोटीत बुड झाकणारं जाकीट, पाण्यात उतरून मासेमारी करणाऱ्याला कमरेवर संपणारं, नाहीतर घेर पाण्यात तरंगतो. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची बुटांसकटची उंच जलरोधक पँट, घालून उतरत असाल तर कमरेला बाहेरून पट्टा आवळलेला हवाच. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा खाली जातो असं म्हणतात, ते खरं नाही. पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण भरलेल्या पायांनी पाय उचलत नाही, पोहता येत नाही आणि काठावर चढताना ते सगळं वजन एकदम अंगावर येतं. पट्टा ते भरणं रोखतो. पोंचो बोटीत कधीच नको. वाऱ्यात तो शीड होतो, पाण्यात पडलात तर जाळं.

बोटीच्या निमित्ताने, लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटच्या वर. फुगणारं लाइफ जॅकेट बंद रेनकोटच्या आत फुगलं तर छाती आवळते, श्वास घेता येत नाही. आपोआप फुगणाऱ्यात पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती मुसळधार पावसात किंवा दमट कपाटातसुद्धा कधीकधी अवेळी विरघळून दगा देते. पाण्याच्या दाबावर चालणारं, साधारण १० सेंटिमीटर बुडाल्यावर फुगणारं मिळतं. पावसात जाणाऱ्याने तेच घ्यावं. मोठ्या पाण्यावर रेनकोटचा रंग नारिंगी किंवा पिवळा. उथळ, नितळ पाण्यात बुजऱ्या माशांच्या मागे असाल तर मातकट.

आत काय घालायचं याचं उत्तर हवेवर आहे. थंडीत सुती कपडा अंगाला नको. तो भिजला की सुकत नाही, आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब पळवतं. लोकर किंवा पॉलिएस्टर घाला. उबदार हवेत पातळ पॉलिएस्टरचा एकच थर पुरे.

ढग गडगडले तर मात्र कुठलंच जाकीट कामाचं नाही. कार्बन फायबरचा रॉड विजेला उत्तम वाट देतो. रॉड खाली ठेवा, पाण्यापासून दूर व्हा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत येऊ नका.

तुमच्यासाठी क्रम असा सांगेन. या आठवड्यात शॉवरचा प्रयोग आणि जाकिटाची धुलाई. बाह्या दुमडून एकदा पावसात जाऊन या. मनगटासाठी निओप्रीनच्या सुट्या पट्ट्या मिळतात, त्या लावून बघा. वाचलेल्या पैशांत चांगली डांगरी घ्या. एवढं करूनही खांद्याशी गळत असेल, म्हणजे टेप गेली असेल, तर शिवणीवर भरायचा डिंक लावून एक हंगाम निघतो. गळाचा काटा घुसून पडलेलं भोकही त्याच डिंकाच्या थेंबाने आतून बंद होतं. कडा आधी स्पिरिटने पुसून घ्या.

आणि नवं घेतलंत तरी जुनं टाकू नका. घडी करून सामानाच्या पेटीत तळाशी असू द्या. सोबत येणाऱ्यांत एक जण तरी आभाळाकडे बघून रेनकोट घरी ठेवून येतोच.